आधी ती बासरी बंद कर

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जेवढी दुकानं, दवाखाने, क्लास आणि पोळीभाजी केंद्रं आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या मालकांना आमच्या आतेभावाने आयुष्यात एकदा तरी झापलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्यांची पाळी अजून यायची आहे. लोक सासूवर रागावतात, साहेबावर रागावतात, रस्त्यातल्या खड्ड्यांवर रागावतात. हा रागावतो वेबसाइटींवर. रागावतो म्हणजे नुसता कपाळाला आठी घालतो असं नव्हे. कानशिलं लाल होतात, चष्मा नाकावरून घसरतो आणि आवाज असा चढतो की त्याच्या चाळीतली मांजरंसुद्धा जिन्याखाली जातात. वाईट एवढंच की वेबसाइटी करणं हाच त्याचा धंदा आहे. आधी घाटकोपरला त्याचं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका आणि लेटरहेड छापायचा. नंतर लोकांना पत्रिकेपेक्षा वेबसाइट हवीशी झाली तेव्हा तो त्यात शिरला. गिऱ्हाईक पैसे देऊन त्याच्याकडे येतं आणि वर शिव्या खाऊन जातं. तरी परत येतं, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

त्याच्या रागाला सुरुवात ‘आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे’ या वाक्यापासून होते. हे वाक्य दिसलं की तो फोन टेबलावर आपटतो. “अरे आलोय ना मी? आत घे की! दारात अडवून स्वागत काय करतोस? तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं की तू असाच हात जोडून पंधरा मिनिटं उभा राहतोस का?” समोरचा दुकानदार बिचारा म्हणतो, सगळ्यांचंच असतं हो असं. मग तर संपलंच. “सगळ्यांच्या गटारी तुंबतात म्हणून तुझीपण तुंबवू का?” भांडुपच्या एका दाताच्या डॉक्टरांनी हौसेने आपल्या वेबसाइटवर एका गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या कुटुंबाचा हसरा फोटो टाकला होता. आतेभावाने त्यांना, त्यांच्याच दवाखान्यात, तोंड उघडून बसलेल्या पेशंटसमोर विचारलं, “डॉक्टर, ही बाई भांडुपला नेमकी कधी आली होती? कुठल्या दाढेसाठी?” पेशंटला हसता येईना आणि डॉक्टरांना रडता. दुसऱ्याच आठवड्यात तिथे डॉक्टरांचा स्वतःचा फोटो लागला, जरा घाबरलेला, पण भांडुपचा.

दर्जेदार, विश्वासार्ह, तत्पर, सर्वोत्तम या शब्दांशी त्याचं जुनं वैर आहे. गिऱ्हाईकाने लिहून आणलेल्या मजकुरात ते दिसले की तो एकेक शब्द उलटा करून मोठ्याने वाचतो. “आम्ही भिकार सेवा देतो. आम्ही अविश्वासू आहोत. आम्ही जमेल तेव्हा येतो. असं लिहिणारा दुकानदार दाखव मला एक तरी. नाही ना? मग जे कोणीच उलटं लिहिणार नाही ते सुलटं लिहून काय सांगितलंस? त्यापेक्षा सांग, रविवारी उघडं असतं का!” करड्या, फिकट अक्षरांचा त्याला असा तिटकारा आहे की गिऱ्हाईकाला तो भर दुपारी रस्त्यावर उन्हात नेऊन उभं करतो, एका हातात भाजीची पिशवी देतो, दुसऱ्या हातात फोन, आणि म्हणतो, “आता वाच तुझा पत्ता.” एक कपडेवाली बाई याच कारणाने त्याच्यावर चिडून गेली, ती भाजीची पिशवी घेऊनच गेली. आणि चित्रं जर आपोआप सरकत असतील तर विचारूच नका. “हलतंय ते वाचायचं कसं? कोंबडी आहे का ती? धरायची का मागे धावून?”

हॉटेलातही त्याला घेऊन जायची सोय नाही. टेबलावर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो, त्याचा फोटो काढला की मेनू फोनवर येतो. एकदा बोरिवलीला आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. याने फोटो काढला, मेनू उघडायलाच वेळ लागला, उघडला तो एवढा बारीक की दोन बोटांनी ताणून ताणून तो सोलकढीपर्यंत कसाबसा पोचला आणि बोट सुटलं, पुन्हा वर सूपपाशी. असं चार-पाचदा झाल्यावर उभा राहिला आणि मालकाला म्हणाला, “तुमच्या आईला बोलवा आणि तिला यातून सुरमई शोधून दाखवायला सांगा. तिला सापडली तर मी बिल दुप्पट देतो.” मालकाची आई गल्ल्यावरच बसलेली होती. तिला सुरमई सापडली नाही. उलट तिने मुलालाच आमच्यादेखत फैलावर घेतलं, आणि आम्हाला कागदाचा मेनू मिळाला.

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत होतं तोवर मला मजा वाटायची. मग पाळी माझ्यावर आली.

आमचं मुलुंडला दुकान आहे, आजारी माणसाच्या घरी लागणाऱ्या वस्तू भाड्याने देण्याचं. वरखाली होणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनचं मशीन. बाबांनी ते सुरू केलं. विक्रोळीच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर आजीसाठी आणलेली व्हीलचेअर तिच्यामागे घरात पडून होती, ती त्यांनी शेजारच्यांना दिली, मग त्यांच्या शेजारच्यांना, आणि असं होता होता दुकान झालं. बाबा गेले तेव्हा मी ठरवलं की त्यांच्या नावाला शोभेल अशी वेबसाइट करायची. आतेभावाला सांगितलं नाही, कारण तो ओरडणार हे मला ठाऊक होतं. अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीला काम दिलं. तिथला मुलगा छान बोलायचा. लोकांना कहाणी लागते, म्हणाला, मनाला भिडणारी. मला पटलं. आणि खरं सांगायचं तर ती वेबसाइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला रडू आलं होतं. पडदा आधी काळा व्हायचा, मग एक समई उजळायची, मग बासरी, आणि त्या बासरीवर हळूहळू बाबांचा चेहरा वर यायचा. त्याखाली देवगडपासून मुलुंडपर्यंतचा त्यांचा सगळा प्रवास, भरपूर विशेषणांसकट.

बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे जमले. पानं वाढून झाली होती, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. कोणीतरी कौतुकाने फोन काढला आणि बासरी वाजली. आतेभावाने वडा तोंडाशी नेला होता तो तसाच ताटात ठेवला.

“फोन नंबर कुठाय?” तो म्हणाला.

“आहे खाली,” मी म्हणाले. “जेव आधी.”

त्याने तो फोन हिसकावून घेतला. खाली, आणखी खाली, तिसऱ्या पानाच्या तळाशी नंबर सापडला, करड्या अक्षरात, तोही चित्रात कोरलेला, म्हणजे त्यावर बोट ठेवलं तरी फोन लागणार नाही असा. मग तो जो सुटला तो सगळ्या पंगतीदेखत. “बाये, माणसाचा बाप घरात आडवा पडलाय, त्याला पलंग पाहिजे, आणि तू त्याला तुझ्या बापाची गोष्ट सांगतेस? मामा फोन कसा उचलायचे, आठव. ‘बोला, काय हवंय?’ एवढंच! पुढच्या माणसाला श्वासभरपण थांबवायचे नाहीत. त्या माणसाला तू समई लावून बासरी ऐकायला बसवलंस? आधी ती बासरी बंद कर!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज, या दिवशी, माझ्या बाबांच्या पानासमोर! मी म्हणाले, “हे माझ्या बाबांचं घर आहे. जेवायचं असेल तर गप जेव, नाहीतर ऊठ.” तो उठला. हातसुद्धा न धुता गेला. आत्या, म्हणजे त्याची आई, मागून हाका मारत राहिली, “अरे खीर तरी खाऊन जा,” पण जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला तेवढाच. त्या वर्षी गणपतीतही तो आमच्याकडे आला नाही. मीही त्याच्याकडे गेले नाही. माणूस रागीट असला म्हणून श्राद्धाच्या पानावरून बोलायचं? मला आजही तो प्रसंग आठवला की त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटतो.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी दुकान उघडते न उघडते तोच एक बाई आत शिरली. खाडीकडच्या कोळीवाड्यातली होती, नाकात मोठी चमकी, बाजारातून तशीच आलेली, हात अजून ओले. तिने काउंटरवर आपला फोन ठेवला आणि विचारलं, “ही तुझीच ना गो वेबसाइट?”

मी अभिमानाने हो म्हणाले.

“मग तुझा नंबर कुठं लपवून ठेवलायस? चोरीचा माल विकतेस का?”

मग एकेक उलगडत गेलं. तिचे सासरे होडीवरून उतरताना पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. इस्पितळाने अचानक घरी न्या म्हणून सांगितलं. तिच्या पोराने फोनवर पलंग शोधला, आमचं दुकान सगळ्यात जवळचं निघालं. तिथे नंबर सापडेना. एक फॉर्म होता तो त्याने भरला. उत्तर आलं नाही. येणार कुठून, तो फॉर्म अंधेरीच्या कंपनीच्या कुठल्याशा पत्त्यावर जात होता आणि तिथे तो उघडून बघायची कोणाला गरज वाटली नव्हती. इकडे रुग्णवाहिका दारात येऊन उभी राहिली. “दोन टेबलं जोडून निजवलं म्हाताऱ्याला,” ती म्हणाली. “कूस बदलायला चार माणसं लागली. तो कण्हतोय, पोरगा तुझं ते उघडतोय, आणि प्रत्येक टायमाला आपली बासरी! सासरा कण्हतोय आणि तुझी बासरी वाजतेय! फोन खाडीत फेकणार होते मी!”

पलंग मी तेव्हाच्या तेव्हा टेम्पोत चढवला आणि स्वतः सोबत गेले. म्हाताऱ्याला चौघांनी उचलून पलंगावर ठेवलं, मी पाठीकडची बाजू वर केली, तेव्हा त्याने मोठा सुस्कारा सोडला. ती बाई जरा निवळली. मला चहा दिला. पण निघताना दारातून परत ओरडलीच, “आधी ती बासरी बंद कर गो!” दोन वेगळी माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि वाक्य तेच.

मी तडक घाटकोपरला गेले. आतेभावाच्या दाराची बेल दाबली, दाबत राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि इतक्या महिन्यांनी तोंड बघणारा माझा भाऊ पहिलं वाक्य बोलला ते असं, “वाचता येत नाही? मोठ्या अक्षरात लिहिलंय, बेल बिघडली आहे, दार वाजवा!” खरंच लिहिलेलं होतं. काळ्या अक्षरात, डोळ्यांसमोर. मी म्हणाले, “दुरुस्त का करत नाहीस मग?” “इलेक्ट्रिशियनच्या वेबसाइटवर नंबर नाही!” तो ओरडला, आणि आत जाऊन त्याने चहाचं आधण ठेवलं. कोळीणीचं सगळं मी सांगितलं. वाटलं होतं, आता म्हणेल, बघ, मी सांगत होतो. त्याने एवढंच विचारलं, “म्हातारा झोपला का नीट?”

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या दुकानात येऊन बसायला लागला. माझ्या मागे स्टूल टाकून. फोन वाजला की मी बोलायची आणि तो ऐकायचा. लोक काय विचारतात? आज मिळेल का. भाडं किती. डिपॉझिट किती. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, वर चढवून देणार का. मशीन लाइट गेल्यावर चालेल का. माझी उत्तरं लांबली की मागून माझ्या खुर्चीला लाथ बसायची. “त्याने भाडं विचारलंय! भाडं सांग! सेवाभाव नंतर सांग!” आठवडाभर मी त्या लाथा खाल्ल्या. मग त्याने लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: ‘बोला, काय हवंय?’ खाली नंबर, बोट ठेवताच लागणारा. खाली पलंग, खुर्ची, मशीन, प्रत्येकाचं खरं छायाचित्र, आमच्याच दुकानातलं, थोडा पोचा आलेला पलंगसुद्धा पोच्यासकट. प्रत्येकाखाली भाडं. लोक विचारतात तेच, विचारतात त्या क्रमाने, त्यांच्याच शब्दांत. खुब्याच्या ऑपरेशनला मी ‘अस्थिशल्यक्रिया’ लिहिलं होतं, त्यावरून मला अर्धा तास ऐकावं लागलं.

शेवटी एक ओळ होती ती कुठल्याच फोनवर कोणी विचारलेली नव्हती. ‘पलंगाची गरज संपली की फोन करा. आमची माणसं येऊन घेऊन जातील. कारण विचारणार नाही.’

ती वाचून मी त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत म्हणाला, “मामा विचारायचे नाहीत. मी जायचो ना त्यांच्याबरोबर पलंग आणायला, कॉलेजात असताना. ‘पलंग न्यायला आलोय’ म्हणायचे आणि लगेच स्क्रू सोडवायला बसायचे. घरातली माणसं मग आपोआप बोलायला लागायची.” हे मला माहीत नव्हतं. माझेच बाबा, आणि मला माहीत नव्हतं.

बाबांच्या फोटोवरून मात्र आमचं परत वाजलं. तो म्हणाला फोटो नको, मी म्हणाले फोटोशिवाय वेबसाइट नको, त्याने लॅपटॉप मिटला, मी तो उघडला, दुकानात आलेलं गिऱ्हाईक वॉकर न घेताच परत गेलं. शेवटी त्याने त्याच्या घरातून एक जुना फोटो आणला. बाबा एका अरुंद जिन्यावर, डोक्यावर पलंगाची लोखंडी चौकट, घामाने शर्ट चिकटलेला, आणि कोणीतरी हाक मारल्यामुळे वळून बघताहेत. “लावायचा तर हा लाव,” तो म्हणाला. “चेहरा हवाच कोणाचातरी, पण काम करताना.” तोच आहे आता तिथे, अगदी खाली, पत्त्याच्या शेजारी. समई नाही, बासरी नाही. फोन मात्र दिवसभर वाजतो.

हल्ली त्याचं काम कमी झालं आहे. दुकानदार आता मजकूर मशीनकडून लिहून घेतात, चित्रंही मशीनच काढतं, आणि सगळं कसं गुळगुळीत, शुद्ध, एकासारखं एक. गेल्या महिन्यात त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आत्या आता नाही, घरात तो एकटाच, म्हणून मी सोबतीला गेले होते. पट्टी काढल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी डोळा लाल झाला आणि पाणी यायला लागलं. तो म्हणाला, “दवाखान्याच्या वेबसाइटवर बघ जरा, काय करायचं ते.” मी मोठ्याने वाचायला लागले. ‘आपल्या दृष्टीच्या प्रवासात आम्ही आपले सोबती. प्रत्येक डोळा एक विश्व आहे.’ मी थांबले, भडका उडायची वाट बघत. तो आरामखुर्चीत डोळे मिटून म्हणाला, “बरं लिहिलंय.”

मी फोनवरून मान वर केली. “तू बरा आहेस ना?”

“कोणी लिहिलेलंच नाही ते, बाये. रागावणार कोणावर?”

मी खाली सरकत राहिले. विश्व, प्रवास, आपुलकी. डोळा लाल झाला तर काय, याचं अक्षर नाही. कोपऱ्यात एक खिडकी उघडली, ‘मी आपली कशी मदत करू?’ मी लिहिलं, डोळा लाल झालाय, यायचं का? तिने उत्तर दिलं की आपली चिंता आम्ही समजू शकतो, आणि विश्वासार्ह सेवेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत. माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. शेवटी थेंबांच्या बाटलीच्या पिशवीवर नंबर सापडला. पलीकडून एका मुलीने फोन उचलला आणि मी तिला धारेवर धरलं. विश्व कसलं लिहिता, प्रवास कसला, माणसाचा डोळा लाल झालाय आणि तुम्ही समजू शकता? काय समजता? नंबर लपवायला लाज वाटत नाही? माझा आवाज असा चढला की समोरच्या खोलीतल्या बाई दारात आल्या. मुलीला तोंड उघडायला मी जागाच ठेवली नाही.

“हळू,” आतेभाऊ म्हणाला. “लहान पोरगी असेल ती. तिने थोडंच लिहिलंय. दे इकडे.”

त्याने हात पुढे केला. मी फोन त्याच्या हातात दिला. “बाळा, माफ कर हां,” तो म्हणाला, इतक्या हलक्या आवाजात की तो त्याचाच आहे यावर माझा विश्वास बसेना. “डोळा लाल झालाय जरा. डॉक्टर आहेत का? बरं. आत्ता येतो.” मग म्हणाला, “आणि एक सांगशील त्यांना? डोळा लाल झाला तर काय करायचं, तेवढं घाला म्हणावं वेबसाइटवर. लोक घाबरतात गं.”

डोळ्याचं काही विशेष निघालं नाही, थेंब बदलून दिले, आठवड्यात बरा झाला. पण त्या सकाळी मी रिक्षा बोलावून वर आले तेव्हा तो खुर्चीच्या कडेला बसून एका पायाने चप्पल चाचपडत होता. मी ती त्याच्या पायाशी सरकवली. माझा राग अजून उतरला नव्हता. त्याच्या अंगातला राग कुठे गेला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी त्याचा दंड धरला आणि आम्ही जिना उतरायला लागलो, एकेक पायरी, सावकाश.